चांगली गाडी थांबवणारे काका

टोपी काढून छातीशी धरायची, खाकरायचं, आभाळाकडं बघायचं आणि म्हणायचं, "चांगल्या माणसाला डाक्टर कशाला रं?" कर्जतच्या रेल्वे चाळीत शेजारच्या काकांची ही नक्कल माझ्याएवढी झकास कुणाला जमायची नाही. मी तेव्हा मॅट्रिक होऊन उंडारत होतो. काका स्वतःच फर्माईश करायचे. "कर की रं माझं सोंग. पण खाकरायचं इसरू नको."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. लोण्यासारखं मऊ, पण एका गोष्टीत दगड. काका ख्रिस्ती, नगरकडचे. देवी टोचणारा आला की यांच्या दाराला कडी. "देवबापानं अंग धड दिलंय. त्यात लस म्हणून वासराचा पू भरायचा? हा त्याच्यावर अविश्वास हाय." 'देवी' हा शब्दही उच्चारायचे नाहीत. "तुमची ती बाई," म्हणायचे. आम्ही हसायचो.

नोकरी सांधेवाल्याची, म्हणजे रूळ बदलायची, पळसदरीच्या वर घाटात. तिथं उतारावर एक फाटा आहे, डोंगरात वर चढून संपणारा. रूळ कायम त्या फाट्यालाच लावलेला, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी आपोआप तिकडं चढून थांबावी. त्यामुळं उतरणाऱ्या प्रत्येक गाडीनं आधी थांबून दाखवायचं, मगच काका सांधा बदलून तिला कर्जतची वाट देणार.

मग काकांच्या शेजारच्या खोलीतल्या पोरीला देवी आल्या. काकांची मुलगी करुणा आदल्या दिवसापर्यंत तिच्याशी ठिकऱ्या खेळत होती. चाळ दारं लावून बसली. त्या पोरीला उचलून दवाखान्यात नेलं ते काकांनीच. "आजाऱ्याला शिवायचं नाय, असं आमच्यात नसतं," एवढंच बोलले. त्या दिवशी मला कुणाची नक्कल सुचली नाही.

संध्याकाळी टोचणारा करुणासाठी आला. "आज टोचलं तर वाचंल. उशीर झाला तर मग माझ्या हातात काय नाय."

काकांनी दारात हात आडवा धरला. "ती धड हाय. ताप नाय, काय नाय."

करुणाची आई, आमच्या मावशी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "घाटात धडधाकट गाड्या कशाला थांबवता हो तुमी?"

"काम हाय माझं ते."

"ब्रेक गेलेली कधी आली?"

"माझ्या पाळीत एक पण नाय."

"तरी थांबवताच ना?"

काकांचा हात हळूहळू खाली आला. करुणाला मांडीवर घेऊन बसले आणि तळहातानं तिचे डोळे झाकले. टोचून झाल्यावर टोचणारा म्हणाला, "आता तुमी."

"पोरीपुरतं ऐकलं, तेवढं बास. माझं मी देवबापाशी बघून घेईन."

मग रोज सकाळी काका दारात करुणाचं कपाळ उजेडात धरून निरखायचे. आम्ही लांबून काकांचं तोंड निरखायचो. तिच्या दंडावर खपली धरली, बाकी अंग स्वच्छ राहिलं. आणि एका सकाळी काका दारात आलेच नाहीत. मावशी म्हणाल्या, "यांचंच अंग तापलंय रं."

दवाखान्यामागच्या शेडमध्ये त्यांना ठेवलं होतं. आत कुणाला सोडत नव्हते. मी कुंपणाबाहेर उभा. आतून घोगरा आवाज आला, "सोंग कर रं."

मी टोपी छातीशी धरली. "चांगल्या माणसाला..." पुढचं येईना.

"खाकरायचं इसरलास," आतून आलं.

ते तिथंच गेले.

अजून पुण्याहून येताना गाडी त्या फाट्यापाशी थांबते. डब्यातले लोक कुरकुरतात, काय बिघडलं म्हणून एकमेकांना विचारतात.

"काय नाय. गाडी चांगली हाय," मी सांगतो. पण आधी खाकरतो.