मरीच्या पुस्तकाची पहिली पानं

घरातली एखादी वस्तू तुम्ही कधी अनोळखी लोकांसमोर बोलीला ठेवली आहे का, आणि ठेवण्याआधी ती नेमकी कुणाची आहे हे घरात विचारलं होतं का? मी विचारलं नव्हतं.

आम्ही विद्यानगरला दोन खोल्यांत राहायचो. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. आमच्या गल्लीत मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध कुटुंबांची आठ-दहा घरं होती, त्यातलंच एक आमचं. नोकरी संपली की बाबांचं दुसरं काम सुरू व्हायचं: पत्रकं लिहायची, छापून आणायची, वाटायची. आमच्या घरात कागदाची एक बाजू कोरी ठेवून तो फेकणं हा गुन्हा होता. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवली, निबंध लिहिले, पत्र्याच्या पेटीला अस्तर लावलं. माझ्या पाढ्यांच्या मागे कायम कुणाच्या तरी मागण्या असायच्या. मला अक्षरओळख झाली तीच ‘धिक्कार’ आणि ‘जाहीर’ या शब्दांवर.

कादंबऱ्या घरात आल्या त्या लिलावातून. पार्सल ऑफिसात अधूनमधून बेवारस मालाचा लिलाव व्हायचा. व्यापारी यायचे, गठ्ठे दाबून बघायचे, पेट्या हलवून आतला आवाज ऐकायचे आणि मग बोली लावायचे. कापड घेणाऱ्याच्या गळ्यात कधी कधी पुस्तकांचा गठ्ठाही पडायचा. तो वैतागून बाबांना म्हणायचा, “साब, ये तुम रख लो, मेरे कू नक्को.” बाबा रद्दीच्या भावात तो गठ्ठा घेऊन सायकलवर बांधायचे.

असंच एकदा मरीचं, म्हणजे साथीचं पुस्तक आलं; हे नाव आम्हीच दिलेलं. त्याला कव्हर नव्हतं आणि पहिली सोळा पानंही नव्हती. त्यामुळे नाव काय, लेखक कोण, कुणालाच माहीत नव्हतं. सतरावं पान एका अर्ध्या वाक्यानं सुरू व्हायचं: एक गाडीवान वेशीवर उभा आहे, आणि शिपाई त्याला आत येऊ देत नाही. पुढे दोनशे पानं प्लेग. घरंच्या घरं रिकामी होतात, माणसं एकमेकांना ओळख देत नाहीत, शेवटी वेशीचा शिपाईच आजारी पडतो. साथ आली कुठून, पहिला कोण मेला, हे हरवलेल्या पानांत.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या बाहेरच्या खोलीत वाचन व्हायचं. निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही, म्हणून एकानं मोठ्यानं वाचायचं. मरीचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी सतराव्या पानावरच भांडण झालं. समोरच्या घरातले काका रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलायचे. ते म्हणाले, “मालगाडीतनं आला असणार प्लेग. उंदीर मालगाडीतच असतात. मी रोज बघतो.”

शहरातल्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात आया असलेल्या मावशी त्यांना थांबवत म्हणाल्या, “तुमचे उंदीर राहू द्या भाऊजी. पहिला माणूस मोठ्या घरात मेला असेल आणि त्यांनी लपवलं असेल. मोठ्या घरचे आजार मागच्या दारानं येतात. मी रोज बघते.”

“म्हणजे आमची रेल्वे वाचली म्हणा.”

“रेल्वेला काय होतंय? मरतंय कोण, ते बघा ना.”

बाबांनी दोघांपुढे एकेक फुलस्केप कागद सरकवला. “लिहून द्या. तोंडी मागणी कुणी ऐकत नाही.”

सगळे हसले, पण दोघांनी खरंच लिहून दिलं. मावशींनी सांगितलं आणि बाबांनी उतरवलं. मग इतरांनीही दिलं. सात जणांच्या सात सुरुवाती झाल्या, प्रत्येक एका पानाची, एका बाजूला लिहिलेली. ऑफिसात फायली बांधायला लाल दोरा असतो, तसल्या दोऱ्यानं बाबांनी ती पानं पुस्तकाच्या पुढे शिवून टाकली. पुढे पुस्तक पुन्हा वाचायला काढलं की आधी ठरायचं, आज कुणाची सुरुवात. ती वाचायची आणि मग सतरावं पान.

सातवी सुरुवात आईची होती. आई त्या दिवसांत लिहायला शिकत होती, थोडं बाबांकडून, थोडं माझ्या पाटीवरून. बाबा म्हणाले, तू सांग, मी लिहितो. ती म्हणाली, “नको. मीच लिहीन.” तिला महिना लागला. तिनं आयुष्यात नाव सोडून दुसरं काही लिहिलं असेल तर ते हे पहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिनं ते स्वतः वाचलं. पहिली ओळ मला पाठ आहे: “प्लेग आला आणि सगळं गाव आमच्या बाजूला राहायला आलं.”

साथीत लोक घरं सोडून गावाबाहेर खोपटी बांधून राहायचे. आमची माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतच होती. पॉइंट्समन काकांनी मांडीवर थाप मारली. “वहिनी, एका ओळीत गाव उठवलंत की हो!” आई लाजली, पदर सावरून पुढे वाचू लागली. पुढे काय होतं ते मला आठवत नाही, नंतर कितीदा ऐकलं तरी. मी आठ-नऊ वर्षांची होते, उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होते.

मी कॉलेजला जाईपर्यंत आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचं इंटरनेट सेंटर झालं होतं. प्लायवूडचे आडोसे, आत एकेक कॉम्प्युटर, सगळीकडे चपला काढून शिरायचं. तिथं मला लिलावाची साइट सापडली. शहरात रोज नव्या काचेच्या इमारती उठत होत्या, वस्तू विकणं हेच कर्तृत्व ठरत चाललं होतं आणि मी त्याविरुद्ध पत्रक लिहीत होते. कायम नोकऱ्या जाऊन कंत्राटी माणसं येत होती, आमच्याच गल्लीत तीन घरांत तशी पाळी आली होती. मोर्चा ठरला होता. छपाईला पैसे हवे होते. मी बाबांना म्हटलं, जुन्या कादंबऱ्या लिलावात विकते.

“माल बघतो कोण?”

“फोटो बघतात, बाबा.”

“दाबून, हलवून नाही बघत? मग शेवटी तीन वेळा पुकारतो कोण?”

“कुणी नाही. घड्याळ संपलं की संपलं.”

बाबांनी चष्मा काढला. “घड्याळाशी घासाघीस कशी करायची गं?” मग स्वतःच म्हणाले, “जाऊ दे. पुस्तक फिरलं पाहिजे. वीक.”

मी आईला विचारलं नाही. ती आतच होती, भाकरी थापत. स्त्रियांना घरात मत नसतं यावर त्याच वर्षी मी चार पानी पत्रक लिहिलं होतं.

साथीच्या कादंबऱ्यांना गिऱ्हाईक आहे हे मला माहीत नव्हतं. मरीचं पुस्तक टाकलं आणि दोन दिवसांत तिघं जण एकमेकांवर चढून बोली लावू लागले. त्यातल्या एकानं निरोप पाठवला. त्याच्याकडे जगभरच्या अशा कादंबऱ्या होत्या, ज्यांत रोगानं माणसं संपतात. पहिली पानं नाहीत हे त्याला चालणार होतं. पण कुणी मागाहून काही जोडलेलं नको, फक्त मूळ छापील पानं हवीत. मी ब्लेडनं लाल दोरा कापला.

सात फुलस्केप पानं टेबलावर पडली. पाठीमागून कोरी. पत्रकाचा कच्चा खर्डा माझ्या डोक्यात तयार होता, मोर्चा चार दिवसांवर होता आणि आमच्या घरात कोरी पाठ वाया घालवत नसत. मी त्या सात पानांच्या पाठीवर पत्रक लिहून काढलं. पुढच्या बाजूला काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. छापून झालं की पानं परत येतील, तेव्हा नीट ठेवू, असं मी धरून चालले होते. हस्तलिखित प्रुफासोबत परत येतं, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. बाबांचा जुना छापखाना तसाच होता. खिळे जुळवणारे म्हातारे चाचा शाईचे डाग पडलेले कागद घडी करून हातात द्यायचे.

पण तो छापखाना बंद झाला होता. कोठीत एका गाळ्यात डीटीपीचं दुकान होतं. ऑपरेटरला हिंदी टाइप करता यायचं, त्या जोरावर तो मराठीही करायचा. “मॅडम, ये ‘आहे’ के आगे ‘है’ भी डालूँ क्या?” असं त्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं. दुरुस्त्या मी त्याच्या शेजारी बसून पडद्यावरच केल्या. किती सोपं, किती पटकन, असं वाटलं.

लिलाव संपला तेव्हा मी इंटरनेट सेंटरमध्ये होते. शेवटच्या मिनिटाला आकडा दोनदा उडाला. मी टाळी वाजवली, शेजारच्या आडोशातून कुणी तरी डोकावून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक पोस्टानं गेलं. पत्रकही सुरेख निघालं. मोर्चात लोकांनी घडी करून खिशात ठेवलं, जे पत्रकाच्या नशिबी क्वचित येतं.

पुढच्या रविवारी दवाखान्यातल्या मावशी आल्या. त्यांची नात पहिल्यांदा वाचनाला आली होती. “वहिनी, मरीचं पुस्तक काढा,” त्या म्हणाल्या. “तुमची सुरुवात ऐकू दे हिला. इंग्रजी शाळेत जाते, मराठी वाचताना नुसती अडखळते. हिला दाखवते, तुम्ही कोणत्या वयात शिकलात ते.”

आई उठली, पेटीपाशी गेली, तिथून माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक विकल्याचं सांगितलं. “बरं,” ती म्हणाली. “आणि पुढे शिवलेली पानं?”

मी चप्पल घातली ती सरळ बस पकडून कोठीला. रविवार, दुकान बंद. सोमवारी शटर वर जायच्या आधी मी दारात होते.

“वो कागज?” ऑपरेटर म्हणाला. “टाइप हो गया तो फेक दिया. कैकू? सब कंप्यूटर में है ना.”

“पीछे लिखा हुआ था.”

“पीछे का तो किसी ने बोलाच नहीं, मॅडम.”

कचरा केव्हाच गेला होता. तरी मी गाळ्यामागच्या ढिगात हात घातले. कापलेल्या लग्नपत्रिका मिळाल्या, बिलबुकांच्या कडा मिळाल्या.

घरी येऊन आईला म्हटलं, तू पुन्हा सांग, मी लिहून घेते. ती बराच वेळ आठवत राहिली. “आधी पाटीवर गिरवून बघायची एवढं आठवतंय,” ती म्हणाली. “आणि ‘ळ’ काही केल्या जमत नव्हता, म्हणून ‘ळ’ असलेले शब्द मी टाळले होते. आता लिहीन तर वेगळंच लिहीन ना गं. ते आता कसं येईल?” ‘सगळं’ या शब्दात ‘ळ’ आहे, हे माझ्या लक्षात आलं. तेवढा एक तिनं टाळला नव्हता. मी ते बोलले नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मला जेवायला वाढलं आणि बाबांना पत्रक छान झाल्याचं सांगितलं. पत्रकंही ती आता सबंध वाचायची, ओळीवर बोट न ठेवता.

पुस्तक घेणाऱ्याला मी सगळं लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं. त्याला वाईट वाटलं होतं, जोडलेली पानं नकोत असं म्हटल्याबद्दल त्यानं माफी मागितली, पुस्तक परत द्यायचीही तयारी दाखवली. त्या पानांत काय होतं, असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला आईची पहिली ओळ पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा एका ओळीचा निरोप आला: पुढे काय होतं?

बाबांना आणि मावशींना विचारलं, त्यांनाही तेवढी पहिली ओळच आठवत होती. पॉइंट्समन काका निवृत्त होऊन गावी गेले, बाकीची घरंही शहरभर पांगली, काही पुण्या-औरंगाबादकडे गेली. त्या खोलीत दहा-बारा माणसं बसायची, त्यांची मुलं उंबऱ्यात, माझ्या शेजारी. ती मुलं आता माझ्याएवढी असतील आणि त्यांतलं कुणी हे वाचत असेल अशी मला आशा आहे. म्हणून मागते: तुमचे आईवडील कधीकाळी विद्यानगरच्या त्या गल्लीत राहिले असतील, तर आज त्यांच्याजवळ बसा, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईनं त्या ओळीनंतर काय वाचलं ते विचारा. एक वाक्य आठवलं तरी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आई अजून विद्यानगरलाच आहे. तिला वाचून दाखवायला या.