मला कुणी टाकलं नाही

“थांब गं. वळ इकडं. पोरांना दिसू दे.”

सरांनी मागवलेल्या दोन कादंबऱ्या टेबलावर ठेवून मी निघाले होते. सेनगावच्या कॉलेजात मी लायब्ररीची मदतनीस. एम.ए.चा वर्ग भरला होता. फळ्यावर दोन रकाने, युरोप आणि जपान. विषय कादंबरीतली बायको.

मी वळले.

सर म्हणाले, “युरोपातली नायिका लग्नात गुदमरली की बंड करते. जपानी नायिका सोसते. गप्प राहते. त्या गप्प राहण्यातच तिचं सौंदर्य.” मग बोट माझ्याकडं. “जपानला कशाला जायचं? ही बघा. तांड्यावरची. नवऱ्यानं टाकली, नऊ वर्षं झाली. कधी हिचा आवाज ऐकलात? लिहून घ्या, सोशिक स्त्री.”

पोरं हसली. सगळी नाही. पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं मात्र खरंच लिहून घेतलं. तिचा पेन चालताना मला दिसला.

“जा आता.”

मी गेले. हे लपवायचं नाही मला. त्या दिवशी मी मुकाट गेले.

पुढचे तीन दिवस चित्त ठिकाणावर नव्हतं. इतिहासाची पुस्तकं भूगोलात लावली. ताट अर्धं टाकून उठायचे. याडी, माझी आई, म्हणाली, “काहून खवळून राहिली?” काय सांगू तिला?

त्या दोन्ही कादंबऱ्या मी वाचल्या होत्या. मराठीत भाषांतर झालेल्या. धूळ पुसता पुसता वाचायची सवय लागली, बारावीपर्यंत शिकलेली आहे मी. युरोपातली बाई भांडते, पानं भरून पत्रं लिहिते, मग निघून जाते. जपानी बाई अर्ध्या पुस्तकात बोलतच नाही. नवऱ्याच्या कपड्यांच्या घड्या घालते. पण शेवटच्या प्रकरणात ती फक्त स्वतःच्याच कपड्यांच्या घड्या घालते आणि माहेरची वाट धरते. एकीनं बोलून लग्न नाकारलं, एकीनं न बोलता. सरांना बोललेलं तेवढं ऐकू आलं होतं.

आणि मी?

मला आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडं दिलं होतं. नवरा मारायचा नाही. शीळ घालून बोलवायचा. बैलाला घालतात तशी. चार वर्षांत त्यानं माझं नाव एकदाही घेतलं नाही. सोयाबीनची सोंगणी चालली होती, शेतात माणसं होती, पलीकडून शीळ आली. बायका माझ्याकडं बघून हसल्या. मी विळा खाली ठेवला. सडकेला आले. जीपमध्ये बसले. कुणाला एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर बा म्हणाला, “नवऱ्यानं टाकली, असंच सांगू. पोरगी सोडून आली म्हणलं तर धाकटीला कोण करल?”

मी हो म्हणाले. नऊ वर्षं टाकलेली म्हणून जगले. धाकटीचं लग्न झालं, तिला लेकरू झालं, तरी मी टाकलेलीच. सर खोटं बोलले, पण त्यांच्याआधी आम्हीच बोललो होतो. ते जास्त टोचत होतं.

पुढच्या तासाला मी न बोलावता वर्गात गेले.

“काय काम आहे?”

“सर, मला टाकलं न्हाई. मी सोडून आले. आन् त्या जपानी पुस्तकातली बाई बी सोसत न्हाई. शेवटचं प्रकरण वाचा.”

सर हसले. “तू पुस्तकं पूस. शिकवायचं आम्ही बघू.”

मी पहिल्या बाकापाशी गेले. त्या पोरीला म्हणाले, “माझ्याबद्दल लिहिलं ते खोड.”

तिनं सरांकडं पाहिलं. खोडलं नाही. मी घंटा होईपर्यंत तिथंच उभी राहिले. हलले नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. “लेखी माफी दे. विषय संपेल.”

तोवर बापाला कळलं होतं. त्याचा फोन आला. “माफी लिहून टाक, लेकी. धाकटीच्या सासरी बोभाटा व्हईल.”

“होऊ दे, बा. तिला मीच सांगते. आजच.”

मी कागदावर लिहिलं, ‘मी माझ्या नवऱ्याला सोडलं आहे. मला कुणी टाकलेलं नाही. वर्गात माझ्याबद्दल खोटं सांगितलं गेलं. माफी सरांनी मागावी.’ खाली सही केली. नावापुढं बापाचं नाव लावलं.

प्राचार्य म्हणाले, “तुला कामावरून काढावं लागेल.”

“काढा,” मी म्हणाले. “काढल्याचं कारण लिहून द्या.”

अजून त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. मी रोज लायब्ररीत जाते. काढलं तर गेटबाहेर उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला का काढलं ते सांगेन. तांड्यावर सांगेन. गोरेगावच्या बाजारात सांगेन. आता मी गप्प बसणार नाही.