काळ्या बिया

लामारामावशी मला 'मावशी' म्हणते आणि मीही तिला मावशीच म्हणते. आमच्याकडे मोठी माणसं लाडात आली की लहानांना स्वतःचंच नातं चिकटवतात. आई लेकराला 'आई' म्हणते, आजी नातवाला 'आजी'. मला पंचावन्न वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सकाळी कुंपणापलीकडून हाक येतेच, "मावशी गं, उठलीस का?" उठते बाई. न उठून सांगते कुणाला?

तिला मूलबाळ नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच वाटेवर. तिची भाकरी, तिच्या गोळ्या, तिच्या कोंबड्या, सगळं माझ्याकडे. दमले मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे खेकसले तर नवल वाटायला नको.

तिचा नवरा झाऊर जंगलात रखवालदार होता. गावाच्या वरच्या अंगाला, धबधब्यापाशी जो उतार आहे, तिथे पिवळी इओर्दासलामी फुलते. बाहेरचे तिला पिओनी म्हणतात आणि कॅमेरे घेऊन येतात. झाऊरकाका एकेकाच्या पिशव्या तपासून मग खाली सोडायचा. फूल तोडायचं नाही म्हणजे नाही, बायकोलाही सूट नाही. आठ मार्चला, महिला दिनी, गावातले बेवडेसुद्धा बायकांसाठी फुलं आणत. हा सरपण आणायचा. चाळीस वर्षांत एक फूल नाही.

"जंगलाची चीज आहे, माझी थोडीच," तो म्हणायचा.

"आणि मी कुणाची आहे रे?" मावशी विचारायची. त्यावर हा लाकडं फोडत बसायचा.

निवृत्त झाला त्या शरदात मात्र साहेबांची परवानगी काढून, खाली पडलेल्या पाच शेंगा रुमालात बांधून घेऊन आला. "घे. फूल नाही आणलं, बी आणलंय. पिवळीचं आहे."

शेंगा उकलल्या तर आत दोन तऱ्हेच्या बिया. काही लालचुटुक, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या. काही काळ्या, निळसर झाक असलेल्या. मावशीनं क्षणभरही विचार केला नाही. आमच्याकडे लाल म्हणजे जीव. ईस्टरची अंडी आम्ही मंजिष्ठेच्या मुळांत उकळून लाल करतो, ती काय उगीच? तिनं लाल बिया वेचल्या, त्यांच्यासाठी दाराशी वाफा केला, आणि काळ्या बिया बशीत घालून माझ्या हातात दिल्या. "या मेल्यात. कचऱ्याच्या खड्ड्यात टाक."

खड्डा होता बागेच्या टोकाला, आणि त्या दिवशी माझी कंबर धरलेली. मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे बशी झटकली आणि घरी गेले. आळस म्हणा, मला काही वाटायचं नाही.

वाफ्यात काही आलं नाही. दुसऱ्या वसंतातही नाही. मावशी रोज जाऊन माती उकरून बघायची, पुन्हा झाकायची. झाऊरकाका ओसरीवरून टोमणे मारायचा, "लामारा, तुझ्या हाताला कांदाच येतो गं, तोच लाव!" तिसऱ्या हिवाळ्यात त्याची छाती भरली ती भरलीच. जाण्याच्या आदल्या दिवशी तिचा हात धरून म्हणाला, "ते उगवलं की मला दाखव हं." तिनं शब्द दिला. पहिलं फूल त्याच्या थडग्यावर नेईन म्हणाली. मी तिथेच उभी होते, मी ऐकलंय.

मग काय, रिकाम्या वाफ्याला पाणी घालणं सुरू. तीन वर्षं! मी ओरडायची, "मावशी, माती पितेय पाणी, माती! माझ्या हातांना फोड आलेत बादल्या उचलून." ती आपली बघायची माझ्याकडे, आणि मी पुढची बादली आणायची.

एकदा बिचिको आला. झाऊरकाकाच्या बरोबरीचा रखवालदार, आता तोही म्हातारा. वाइनचा पेला हातात घेऊन त्यानं वाफ्याची कहाणी ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अगं बायांनो, लाल बी पोचट असते! पाखरांना भुलवायला असते ती. जीव काळीत असतो. झाऊरनं सांगितलं नाही?"

"त्याला तरी कुठे माहीत होतं," मावशी म्हणाली. "तो फुलांची राखण करायचा, बियांची नाही." आणि मग तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "मी माझ्या हातानं फेकल्या गं, मावशी. त्यानं आयुष्यात एकदा काही आणलं, आणि मी ते खड्ड्यात घातलं."

आता बोलावंच लागलं. "खड्ड्यात नाही घातलं," मी म्हटलं. "खुराड्यामागे टाकलं. माझी कंबर दुखत होती."

तिघंही तिकडे गेलो. खाजकुयलीत, हेझलच्या झुडपाखाली, एक रोप होतं. एकच, वीतभर, तांबूस देठाचं. दर वर्षी मी तिथलं गवत विळ्यानं सपाट करत होते, म्हणजे त्यालाही कापतच होते. तरी मेलं जगलं. बिचिकोनं गुडघे टेकून पान उलटं केलं, खालून बोट फिरवलं. पान रुंद, गोलसर, निळसर हिरवं. बाजारातल्या लाल पिओनीची पानं अरुंद, चिरलेली असतात.

"रानातलंच आहे," तो म्हणाला. "पण त्या उतारावर पिवळीशेजारी लालही वाढते, दोघींची पानं सारखीच. कुठली आहे ते पानाला विचारू नका. फुलेल तेव्हा कळेल."

"कधी?"

"दोन वर्षं, तीन वर्षं. तिच्या मर्जीनं."

"माझ्या मर्जीनं नाही का काही होत?" मावशी म्हणाली, आणि खुराड्याच्या भिंतीला टेकून बसली.

आम्ही भोवती जाळी लावली. मी विळा तिकडे नेणं बंद केलं. तीन वसंत गेले. मावशीचा डावा डोळा पुरता गेला. थडग्यापर्यंतचा चढ तिला झेपेना, दोन ईस्टर मी एकटीच वर जाऊन आले. कधी कधी मला वाटायचं, आधी कोण जाईल, ही की ते रोप. मनात येतं असं, काय करणार. जीव शिणला की नको ते मनात येतं.

यंदा ईस्टर उशिरा, मे महिन्यात आला. त्याआधी दहा दिवस कळी दिसली. एकच. मावशी रोज बोटांनी चाचपायची, फुगली का ते बघायची. "मावशी गं, सोमवारपर्यंत उमलेल ना?" ईस्टरच्या सोमवारी सगळं गाव थडग्यांवर जातं. शेजारच्या पोरानं आपल्या गाडीतून तिला वर सोडायचं कबूल केलं होतं.

सोमवारी सकाळी हाक आली नाही. अनवाणीच धावले. मावशी खुराड्यामागे ओल्या गवतात बसली होती, चांगला डोळा फुलाला जवळजवळ टेकवून.

"बघ गं," ती म्हणाली. "मला धड दिसत नाही. लाल आहे का?"

पिवळं होतं. लोण्यासारखं फिकट पिवळं, मधोमध केसर. "पिवळं आहे, मावशी. त्याचंच आहे."

ती रडली. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू. मग मी आत जाऊन कात्री घेऊन आले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फूल एकच होतं. मेलेल्यांना आम्ही जोडीनं फुलं देतो, दोन, चार, सहा. एक, तीन, पाच ही जिवंत माणसाची.

"थांब, माझ्या दारातलं लाल फूल आणते जोडीला," मी म्हटलं.

"नको."

"अगं, एक कसं नेणार थडग्यावर? लोक काय म्हणतील? शब्द दिलायस ना त्याला? पुढच्या वर्षी दोन येतील म्हणावं, तर तुझा डोळा..." पुढचं मी गिळलं.

मावशी म्हणाली, "कात्री ठेव. त्याला मोजता येत होतं, मावशी. जंगलातलं एकेक झाड मोजायचा तो. एकच पाठवलंय, म्हणजे थडग्यासाठी नाही पाठवलं." तिनं पाकळीला बोट लावलं. "मला दिलंय मेल्यानं."

ती तिथेच बसून राहिली. गाडीवाल्या पोराला मी परत पाठवलं आणि लाल अंडं अन् वाइनची बाटली घेऊन पायीच चढ चढले. वाटेत भेटेल तो ईस्टरच्या शुभेच्छा देत म्हणत होता, "ख्रिस्त उठला!" मीही धापा टाकत म्हणत होते, "खरंच उठला!" रिवाजाप्रमाणे थडग्यावर अंडं घरंगळत सोडलं, वाइन ओतली, आणि गुडघे धरून तिथल्या दगडावर बसले.

"झाऊरकाका," मी म्हटलं, "फूल पोचलं तिला. पिवळंच होतं."