ओरखड्यांची किंमत

माझ्या नणंदेने साठाव्या वर्षी साडेतीन लाखांचं जुनं घड्याळ विकत घेतलं, तेव्हा आमच्या घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. जुनं म्हणजे आजोबांच्या काळातलं वगैरे नव्हे. कुणीतरी आठ-दहा वर्षं मनगटावर मिरवून मग विकून टाकलेलं, मोठ्या कंपनीचं पोलादी घड्याळ.

"साडेतीन लाख!" माझा नवरा म्हणाला. "अगं ताई, मोबाइलवर वेळ फुकट दिसते."

"वेळ कुणाला बघायचीय? मला त्याचा भाव वाढायला हवाय."

"मग बँकेत ठेव ना."

"बँकेत ठेवून दीड लाख कधी वाढणार? मी मेल्यावर?"

दीड लाख हा आकडा आला की माझा नवरा विषय बदलायचा. कारण तेवढेच पैसे ताईंना खोलीसाठी कमी पडत होते, आणि ती खोली घेणं म्हणजे आमच्या घरातून जाणं होतं.

ताई आमच्याकडे बावीस वर्षं राहत होत्या. लग्नाचं त्या दोनच शब्दांत सांगायच्या, "जमलं नाही." त्यांची झोपायची जागा म्हणजे बाहेरच्या खोलीतला दिवाण. टीव्ही बंद झाला की त्यांची रात्र सुरू, दूधवाल्याने बेल दाबली की संपली. पाहुणे आले की आधी ताई उठायच्या, मग पाहुणे बसायचे. कपडे माझ्या कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत. तुम्हाला इथे अडचण होते का, असं मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं, तर आलेल्या उत्तराचं काहीतरी करावं लागलं असतं.

नोकरीतून सुटल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी खोली शोधून काढली. दोन गल्ल्या सोडून, कपाटं बनवणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानाच्या वर. एक खोली, ओट्यापुरती जागा, न्हाणीघर, पूर्वेची खिडकी. निवृत्तीचे पैसे आणि साठवलेलं सगळं धरूनही दीड लाखाची वाण होती. भावाकडे मागा, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "धाकट्याकडे पैसे मागायचे आणि धाकट्याच्याच घरातून जायचं? मला नाही जमणार." मिस्त्री म्हणाले, वर्षभर थांबतो, पुढे नाही. आणि त्याच आठवड्यात ताईंना ते घड्याळ दिसलं.

दिसलं म्हणजे कसं, हे कळायला त्यांची नोकरी माहीत हवी. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात त्या पॉलिश विभागात होत्या, एकतीस वर्षं. कात्र्या, चिमटे, चाकूच्या मुठी. फिरत्या चाकावर धरून तकतकीत करायच्या आणि दिव्याखाली फिरवून बघायच्या. केसाएवढा ओरखडा दिसला, तरी माल परत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचे चार नग परत आले होते आणि ते चारही त्यांना पाठ होते. लग्नाला गेल्या की नवरीआधी चमचे बघायच्या. "छान होतं सगळं," घरी येऊन म्हणायच्या, "पण पातेल्यांना घासणी कसली वापरतात गं? तारेची?"

जुन्या घड्याळांचं दुकान बसस्टॉपच्या समोर होतं. रोज तिथून जाताना त्या काचेतून बघायच्या. एक दिवस आत शिरल्या, ते दुकानदाराला सांगायला की तिसऱ्या रांगेतल्या त्या घड्याळाचं काम फार सुंदर आहे. कडेची ती बारीक तिरकी पट्टी मशीनने येत नाही, हातानेच काढावी लागते. दुकानदार चाट पडला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, भिंग हातात दिलं. तासाभराने ताई बाहेर आल्या त्या गुंतवणूकदार होऊन.

दुकानदार तसा सरळ माणूस. त्याने बजावलं होतं, "ताई, सगळ्याच घड्याळांचा भाव वाढत नाही. दहातली आठ पडतात. जी वाढतात, ती कागदपत्रं आणि मूळ डबा असेल तर. आणि घेताना माझा भाव, विकताना बाजाराचा, मध्ये मी बसलोय, हे धरून चाला. आत काही बिघडलं तर दुरुस्तीला दोन महिन्यांचा किराणा जाईल. उघडू मात्र नका."

"मी कशाला उघडते!"

आणि खरंच, त्यांनी उघडलं नाही. घड्याळ मऊ फडक्यात, फडकं डब्यात, डबा माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. रविवारी दुपारी बाहेर काढायच्या, किल्ली द्यायच्या, कानाशी धरायच्या आणि मलाही ऐकवायच्या. "ऐक, कसं चाललंय. खोलीकडेच निघालंय."

पहिले आठ महिने काहीच झालं नाही. माझा नवरा जेवताना हळूच विचारायचा, "काय म्हणतेय तुझी पांढरी हत्तीण?"

"हत्ती," ताई म्हणायच्या. "आणि तो झोपलाय. उठवू नकोस."

नवव्या महिन्यात दुकानदाराचा फोन आला. मी भाजी चिरत होते. ताई फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्या आधी खाली बसल्या, परत उभ्या राहिल्या आणि मग माझ्या दंडाला असं धरलं की सुरी निसटली.

"कंपनीने ते घड्याळ बनवणं बंद केलं!"

"अरे देवा. मग आता?"

"मग आता काय, वेडे! आता मिळणारच नाही ते कुणाला! पाच लाख म्हणाला. गिऱ्हाईक आहे त्याच्याकडे. शनिवारी अकरा वाजता. पाच!"

त्या दिवशी भाजी करपली, आणि कुणी तक्रार केली नाही. माझ्या नवऱ्याने कधी नव्हे ते बहिणीपुढे हात जोडले. "ताई, मी मूर्ख. तू सांगशील त्यात मीही पैसे घालतो." ताई मोजमापाची फीत घेऊन मिस्त्रींकडे गेल्या आणि खिडकीची रुंदी घेऊन आल्या. पडद्याचं कापडही बघून आल्या. मला म्हणाल्या, पलंग नको, दिवाण तर मुळीच नको. नुसती गादी घालीन खाली, आणि मधोमध घालीन. भिंतीला चिकटून फार वर्षं झोपले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी घड्याळ काढून खिडकीत धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे बघ. इथे. आणि इथे. पट्ट्याच्या कडीवर तर नुसती जाळी झालीय ओरखड्यांची."

"वापरलेलं आहे ना ताई. असणारच."

"असणार म्हणून काय तसंच द्यायचं? पाच लाख मोजणाऱ्या माणसाच्या हातात? माझ्या हातून असा माल गेला नाही कधी."

आणि मी काय म्हटलं? नको म्हटलं का? नाही. मी म्हटलं, "करता येईल तुम्हाला?" पट्टीच्या पोहणाऱ्याला विचारावं, डबक्यात उतरता येईल का, तसंच हे झालं.

त्यांचं छोटं मोटरचं चाक गॅलरीत स्टुलाला बांधलेलं होतं. आमच्या घरचे नळ त्यावरच चमकत. त्यांनी घड्याळाच्या काचेवर चिकटपट्टी लावली, चाकावर कापडी थर चढवला, त्याला हिरव्या पॉलिशची वडी टेकवली. बाह्या वर केल्या. मी दिवा धरून उभी राहिले. पाऊण तास. काय तो हात चालत होता! घड्याळ दोन बोटांत धरून असं अलगद फिरवायचं की चाकाला ते टेकतंय की नाही, कळू नये. ओरखडे गेले. पृष्ठभागावरच्या बारीक रेघाही गेल्या. चिकटपट्टी काढून त्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं, तर त्यात मला माझं नाक दिसलं, तिळासकट.

"आता बघ," ताई म्हणाल्या. "साडेपाच मागते की नाही."

शनिवारी आम्ही पावणेअकरालाच दुकानात हजर. गिऱ्हाईक म्हणजे एक बुटके, अबोल गृहस्थ. हात पुसून, खिशातून स्वतःचं भिंग काढून बसलेले. दुकानदाराने मखमलीचा तुकडा अंथरला. ताईंनी डबा उघडला, फडकं सोडलं आणि घड्याळ असं ठेवलं, जसं काही बाळच ठेवतायत.

गृहस्थांनी भिंग लावलं. एकदा बघितलं. उलटं करून बघितलं. मग भिंग काढून दुकानदाराकडे बघितलं.

"याला पॉलिश झालंय."

"हो ना!" ताई फुलून म्हणाल्या. "कालच. मीच केलं."

दुकानदाराने डोळे मिटले. गृहस्थ उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. एवढंच. ताई दरवाज्याकडे बघत राहिल्या, पैसे आणायला गेलेत की काय अशा.

"ताई," दुकानदार म्हणाला, "उघडू नका म्हटलं, तेव्हा घासू नका हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी पॉलिश कोण करतं हो?"

मग त्याने भिंग त्यांच्या हातात देऊन दाखवलं. कारखान्यातून निघताना त्यावर बारीक रेघा होत्या, त्या गेल्या. कडेची तिरकी पट्टी धारदार होती, ती गोल झाली. ओरखडे आहेत म्हणजे धातू मूळचा आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही, अशी या लोकांची खात्री पटते. चकाकी बघितली की त्यांना संशय येतो.

"म्हणजे ओरखड्याचे पैसे होते?" ताईंनी विचारलं.

"दीड लाख ओरखड्यांचेच होते, असं समजा."

मी ताईंचा हात धरला. मला वाटलं, आता रडतील. त्या भिंगातून बघतच होत्या. ती तिरकी पट्टी, त्यांना आवडलेली, हाताने काढलेली. ती त्यांनीच घालवली होती आणि ते त्यांना दिसत होतं, माझ्यापेक्षा जास्त, दुकानदारापेक्षाही जास्त.

"पण एक सांगू का?" दुकानदार हळूच म्हणाला. "काम मात्र फार स्वच्छ झालंय. पृष्ठभागावर कुठे लाट नाही, जळलेलं नाही. असा हात मी बघितला नाही."

"बघ!" ताई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा की बक्षीस मिळालंय. "लाट नाही म्हणाले!"

मला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना.

"ठेवून द्या," दुकानदार म्हणाला. "तीन-चार वर्षं थांबा. बनवणं बंद झालंय, भाव अजून चढेल. पॉलिश झालेलंही मग खपेल चांगलं."

ताईंनी भिंग खाली ठेवलं. "तीन-चार वर्षांनी मी किती वर्षांची होणार?"

"तुमचं वय मी कसं सांगू?"

"चौसष्ट. आज किती देता?"

"आज? तीन."

"तीन पंचवीस."

"ताई, मला तोटा होईल."

"तोटा मला झालाय. तुम्ही चहा पाजा आणि तीन पंचवीस द्या. तुम्हीच म्हणालात लाट नाही म्हणून."

शेवटी तीन पंधरावर ठरलं. बाहेर पडल्यावर मला वाटलं, घरी जायचं. माझ्या डोक्यात वाक्यं जुळत होती: बाहेरच्या खोलीतला टीव्ही आत हलवू, तुम्हाला स्वतंत्र कपाट घेऊ. ताई मात्र भलतीकडेच वळल्या, आणि चालण्याचा वेग असा की माझी चप्पल सुटायची वेळ आली.

मिस्त्री फळीला भोकं पाडत होते. ताईंनी दुकानात शिरताच सांगितलं, "मिस्त्री, पैसे जमले नाहीत. उलट कमी झाले. आता जमायचेही नाहीत."

मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. "अरेरे. मग दुसऱ्याला सांगू का?"

"सांगा. पण विकायचीच आहे का तुम्हाला? की महिन्याला पैसे येत राहिले तरी चालेल?"

"म्हणजे भाड्याने?"

"भाड्याने. सहा महिन्यांचं आगाऊ देते, आत्ता. खिळा ठोकायचा तर विचारीन. आणि तुमच्या कपाटांच्या मुठी कळकट आहेत, त्या बघवत नाहीत मला. त्या करून देईन, पण त्याचे वेगळे पैसे घेईन."

मिस्त्रींनी एक मूठ फडक्याने पुसून बघितली. मग माझ्याकडे बघितलं, जणू मी या बाईंची पालक आहे. मी मान हलवली. त्यांनी भाडं सांगितलं, ताईंनी त्यातून दहावा हिस्सा उतरवला आणि तिथल्या तिथे किल्ली हातात घेतली.

घरी हे ऐकून माझा नवरा उखडला. "भाड्याने? घर असताना? लोक काय म्हणतील, बहिणीला बाहेर काढलं?"

"म्हणू देत. तू सांग, बहीण पळून गेली म्हणून."

"आणि घड्याळ?"

"घड्याळ गेलं. पस्तीस हजारांना पडलं आणि नऊ महिने मजा आली. आता उचल गादी."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आम्ही दोघं गादीची वळकटी घेऊन मिस्त्रींचा अरुंद जिना चढत होतो. ताई दोन पिशव्या घेऊन पुढे गेल्या होत्या. आम्ही वरच्या पायरीवर पोचलो आणि समोरचं दार बंद झालं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. घट्ट, शेवटपर्यंत सरकवलेली कडी.

"ताई!" माझा नवरा ओरडला. "अगं, दार उघड! गादी जड आहे!"

त्याने वळकटी कठड्याला टेकवून दार ठोठावलं.

"ताई, काय करतेयस आत?"

"काही नाही," आतून आवाज आला, हसू दाबल्यासारखा. "जरा थांबा तुम्ही. मी आत आहे."