पेशींचं मरण आणि सासूची फरदड

आर्णीच्या आमच्या दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. त्यात मला एक खोड: पेशी ठरल्या वेळी कशा मरतात, हे दिसेल त्याला सांगत सुटायचं. काय भन्नाट विषय आहे हो! आमच्या शबाना सिस्टर एकदा वैतागून म्हणाल्या, "मॅडम, लोक इथं जगायले येते. तुम्ही त्याईले मरन काय शिकवता?"

*

एका आजोबांना संधिवात. त्यांना सांगितलं, छातीत एक ग्रंथी असते, तिथे रोगाशी लढणाऱ्या पेशींची परीक्षा होते. आपल्याच शरीरावर उठणारी पेशी तिथेच मरते. आजोबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "असं मशीन आमच्या भावकीत बसते का?"

*

रफिकभाई मेकॅनिक तापाने आले. म्हटलं, विषाणू शिरलेली पेशी स्वतः मरते, म्हणजे शेजारची वाचते. "शेजाऱ्यासाठी एवढं? आमचा तर गाडी लावायले जागा नाही देत!"

*

आणि वनमाला. तिला ल्युपस, म्हणजे शरीराची फौज घरच्यांवरच उलटलेली. बरं वाटलं म्हणून तिने गोळ्या बंद केल्या, आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं. किडनी जायची वेळ! मी चिडले. खरं तर घाबरले होते.

"अगं, काम संपलेल्या पेशी मरतात, त्यांचा कचरा लगेच उचलला जायला हवा. तुझ्यात तो पडून राहतो, आणि फौज त्यावरूनच भडकते. गोळी तिला आवरते."

ती सोबत आलेल्या सासूकडे वळली. "पाहा आत्याबाई, हेच तं फरदड."

हंगाम संपल्यावरही चार बोंडांच्या आशेनं कपाशी, इकडची पऱ्हाटी, उभी ठेवतात, ती फरदड. बोंडअळी तिच्यावरच पोसते. सासू दरवर्षी ठेवायची, सून दरवर्षी भांडायची.

"तुमी पऱ्हाटी उपटा, मंग मी गोळी खातो," वनमाला म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

चौथ्या दिवशी सासू एकटीच आत आली. मी तिच्यामागे दारात वनमालाला शोधलं. तिने टेबलावर हिरव्या बोंडांसकट कपाशीचं एक झाड ठेवलं. तिच्या तळहातांना फोड आले होते.

"दोन एकर साफ केलं," ती म्हणाली. "आता तुम्ही चाला बाहेर."

बाहेर बाकावर वनमाला बसली होती. एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याची बाटली.

"मॅडम, मुळासकट हाय ना?"

"हाय," सासूच म्हणाली. "गिळ आता."