देव्हाऱ्यातला जर्मन

“रविवारी कमानीचं उद्घाटन हाय. पाहुणे ठरलेत, मंडप सांगितलाय. आन तुमी म्हणताय, ह्यो आमचा आजा न्हाई?”

दत्ता सुभेदार माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. पाटणकडचे, नुकतेच रिटायर झालेले, आवाज परेडचा. बाहेर बाकावर त्यांची आई बसली होती. ऐंशी कधीच ओलांडलेली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू बोलत होतो. सुभेदारांना ती सवयच नाही.

साताऱ्यात माझं फोटो रिस्टोरेशनचं दुकान आहे. खराब झालेले फोटो दुरुस्त करणं हा धंदा. महायुद्धातले जर्मन फोटो आणि अल्बम जमवणं, ते अस्सल की नकली हे ओळखणं, हे वेड. इथं कुठून येणार जर्मन अल्बम, असं लोक विचारतात. अहो, आपल्याकडं घरटी एक माणूस फौजेत! इटलीत लढलेल्या जवानांनी शत्रूचे अल्बम निशाणी म्हणून ट्रंकेत टाकले, आणि ट्रंका गावाला आल्या.

सुभेदारांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तिकडंच मारले गेले. ट्रंक तेवढी घरी आली, त्यात असाच एक अल्बम. त्यातला एकट्या जवानाचा, टोपीच्या सावलीत तोंड धड न दिसणारा फोटो सुभेदारांच्या आजीनं नवऱ्याचाच समजून काढला, फ्रेम केला आणि देव्हाऱ्यात ठेवला. लेक, म्हणजे सुभेदारांची आई, तेव्हा पाळण्यात होती. तिनं बाप पाहिला तो याच फोटोत. काच फुटली ती पुन्हा बसवली नाही, आणि रोज कपाळाला ओलं कुंकू. त्या ओल्या बोटानं चेहराच खाऊन टाकला. आता कमानीवर गावच्या शहीद जवानांचे फोटो लागणार होते. म्हणून मायलेक माझ्याकडं आले होते. चेहरा काढून द्या म्हणत होते.

फ्रेम उघडली. भिंगाखाली उजव्या खिशावर पंख पसरलेला गरुड दिसला. त्याच्या पायात स्वस्तिक. अतिनील दिवा मारला. नवा कागद त्या उजेडात पांढरा चमकतो, युद्धाच्या काळातला चमकत नाही. हा चमकला नाही. मागं पेन्सिलीनं जर्मनमध्ये एकच शब्द होता : ‘मी’.

“सुभेदार, हा अल्बमचा मालक आहे. जर्मन शिपाई.”

“आवं, छातीवर स्वस्तिक हाय! शुभ म्हणून तर आजीनं ह्योच फोटो निवडला.”

“तुम्ही फौजी माणूस. ते कुणाचं स्वस्तिक, हे तुम्हाला मी सांगायचं?”

त्यांनी बाहेर आईकडं एक नजर टाकली. मग खाली वाकून म्हणाले, “बरं. चेहरा तुमी बनवा. एआय का काय, त्यात हुतंय म्हणं. माझाच घ्या, तरणा करा. आईला काय कळतंय?”

माझं डोकंच फिरलं. “जर्मनाच्या धडावर तुमचं तोंड बसवू? आणि गावाच्या कमानीवर टांगू? लाज वाटते का काही!”

“मग तिला काय सांगू?” सुभेदारांचा आवाज चढला. “ह्या वयात बापाचं तोंड बघायला आलीया ती!”

“मला सांगा की.”

सुभेदारांची आई दारात उभी होती. कधी उठली, कळलंच नाही. सुभेदार भिंतीकडं बघायला लागले. म्हणजे सांगायचं मलाच होतं.

“आजी, हे तुमचे वडील नाहीत. हा जर्मन आहे.”

तिनं फोटो हातात घेतला. “ज्यांनी मारलं, त्यातला?”

“त्यातला. पण यानंच मारलं असं नाही म्हणता येत.”

“आन मी ह्येच्या पाया पडले. जलमभर.” आता फाडते की काय, असं वाटलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्याच्या कपाळावरचं सकाळचं कुंकू पुसून काढलं. फोटो टेबलावर ठेवला. “मेल्याचं नावबी ठावं न्हाई.”

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला.

“आय म्हणायची, मी हुबेहूब बापावर गेलीया,” ती एकदम म्हणाली. “माझा फोटू काढा.”

“आजी, अहो...”

“काढा म्हंते न्हवं!”

स्टुलावर बसवलं. ताठ बसली, हसली नाही. फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट हातात दिली. तिनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. सुभेदार श्वास रोखून बघत होते.

“आगं बया! नाक लय मोठं हुतं की बाबाचं,” ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

कमानीवर फोटोच्या जागी सुभेदारांच्या आजोबांचं नुसतं नाव कोरलं आहे. जर्मन त्याच्या अल्बमात परत गेला. आजीनं स्वतःचा फोटो देव्हाऱ्यात ठेवू दिला नाही. “मी अजून जित्ती हाय,” म्हणाली आणि बापाच्या ट्रंकेत ठेवला.

हल्ली कुणी जुना फोटो आणला की मी आधी विचारतो, याची पूजा होते का? होत असेल तर घरातल्या थोरल्या माणसाला आत बोलावतो, बसायला खुर्ची देतो आणि मगच फ्रेम उघडतो.