दुधी द्यायची रीत

रेणापुरात आनंदराज सोनकांबळे यांना नाही म्हणणं अवघड. ते चिडतात असं नाही, ते ऐकूनच घेत नाहीत. लातूरच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून इंजिनाच्या पोटात डोकं घालून काढली, त्यामुळे कान तसेही थोडे अधू. जे ऐकू येतं त्यातलंही सोयीचं तेवढंच ते घेतात, असं त्यांच्या बायकोचं, नागुबाईंचं म्हणणं.

यंदा त्यांच्या परसात दुधी भोपळ्याचं जे काही झालं, त्याचं मूळही या मेकॅनिकपणातच होतं. डेपोतले जुने जोडीदार रामलिंग यांनी शिरूर अनंतपाळहून बिया पाठवल्या आणि फोनवर बजावलं, "दोन लाव. दोन लई झाल्या." आनंदराजनी आठ लावल्या. एका नटाची गरज असली की चार खिशात ठेवायचे, ही जन्माची सवय. आठातल्या सहा दगा देणार हे धरूनच त्यांनी लावल्या होत्या. एकीनंही दिला नाही. भादव्यापर्यंत वेल न्हाणीच्या पत्र्यावर गेले, तिथून पाण्याच्या टाकीवर, तिथून भिंतीपलीकडच्या डिश अँटेनावर, आणि मग त्या घरच्या सासूबाईंच्या मालिकेत मुंग्या यायला लागल्या. आज करंगळीएवढा दिसलेला दुधी आठवड्यात तान्ह्या लेकरासारखा आडवा पडलेला असायचा.

नेमक्या याच वेळी नागुबाई नांदेडला गेल्या. लेक बुद्धप्रिया तिथं दवाखान्यात नर्स, दिवस भरलेले, डॉक्टर तिथलेच ओळखीचे. तेव्हा लेकीनं माहेरी यायच्या ऐवजी आईच तिकडं गेली. जाताना त्यांनी नवऱ्याला मीठ कुठं, तिखट कुठं, गॅस बंद कसा करायचा, सगळं सांगितलं. दुधीबद्दल म्हणाल्या, "गल्लीत देत जावा." कसे द्यायचे ते काही बोलल्या नाहीत. द्यायला काय लागतं, असं आनंदराजनाही वाटलं. हात लागतो, आणि समोर दार लागतं.

पहिल्या दिवशी ते काखेत दोन दुधी मारून निघाले. पंचफुलाबाईंनी दारातच हात जोडले.

"भाऊ, आमच्यात खाणारी दोन माणसं. हे धूड चिरणार कोण? माझं मनगट दुखून राहिलंय."

पुढच्या दोन दारांतही तेच. कुणाला चिरायचा कंटाळा, कुणाला सोलायचा. आनंदराज घरी आले आणि बिघाड सापडल्यावर मेकॅनिक करतो तेच त्यांनी केलं. पाट घेऊन बसले, दुधी सोलले, एकसारखे तुकडे पाडले आणि नागुबाईंच्या स्टीलच्या डब्यांत भरले. बुद्धप्रियाच्या लग्नात आलेला बारा डब्यांचा संच होता, प्रत्येकाच्या झाकणावर नागुबाईंचं पूर्ण नाव कोरलेलं. आता नाही म्हणायला कुणाला तोंडच उरलं नाही. बारा डबे बारा घरी गेले.

आणि परत आले. पण रिकामे कसे येतील? रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पंचफुलाबाईंच्या डब्यातून शेंगदाण्याची चटणी आली. उदगीरकडच्या शांतम्मांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, पाठवली. कुणी ज्वारीचं पीठ, कुणी लिंबाचं लोणचं, कुणी काहीच नाही सुचलं म्हणून वाटीभर साखर. आनंदराजना मोठी गंमत वाटली. दुधी संपवायला निघालेला माणूस, आणि घरात पाय ठेवायला जागा उरेना. त्यांनी जोमानं आणखी डबे भरले. जेवढं देऊ तेवढं येतंय म्हटल्यावर माणसाला आपण लईच चांगले आहोत असं वाटायला लागतं, तसं त्यांना वाटायला लागलं होतं.

एक घर मात्र डबे परत करत नव्हतं. समोरचं, जिलानीचं.

जिलानी गादीवाला. कापूस पिंजून गाद्या, रजया, तक्के करतो. रेणापुरातल्या अर्ध्या लग्नांच्या गाद्या त्याच्या हातच्या. तो आणि आनंदराज दोघं एका वयाचे. रोज सकाळी साडेसहाला जिलानी समोरून येतो, सोनकांबळ्यांच्या ओट्यावर बसतो, दोघं एकाच पेपरची पानं वाटून घेतात आणि चहा पिता पिता सरकारला दोन-चार सल्ले देतात. आनंदराज निवृत्त झाल्यापासून चार वर्षं यात खंड नव्हता. श्रावणात जिलानी माळ्यावरून कापसाचं गाठोडं काढताना शिडीवरून पडला, उजवं मनगट मोडलं, दुकान बंद झालं. तरी तिसऱ्या दिवशी प्लास्टर गळ्यात अडकवून तो ओट्यावर हजर होता.

एके सकाळी आनंदराज पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "काय रे जिलानी, आमचे डबे तुझ्याकडं जाऊन पेन्शनीत निघाले का काय?"

जिलानी हसला. चहा मात्र अर्धा ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

आनंदराजना आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळेना. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. चांगला कोवळा दुधी निवडला, चिरला, डब्यात भरला आणि समोर नेऊन दिला. जिलानीच्या बायकोनं, गौसियाभाभींनी, दार वीतभर उघडून डबा आत घेतला. "शुक्रिया भाईसाब," म्हणाल्या, आणि दार लागलं. ते चार दिवसांनी आणखी एक घेऊन गेले. या वेळी दार उघडलंच नाही. त्यांनी डबा पायरीवर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर डबा तिथंच, वर एक कोंबडी बसलेली.

ओट्यावर एकट्यानं पेपर वाचणं फार अवघड असतं. अख्खा पेपर हातात असूनही त्यांना बातमी लागेना. नऊ दिवस झाल्यावर त्यांनी नागुबाईंना फोन लावला. तिकडं नातू जन्मला होता आणि मागे त्याचा सूर लागलेला होता.

"जिलानी बोलंना झालाय," आनंदराज म्हणाले.

"काय केलंव तुमी?"

"मी काय करतो? दुधी दिले."

"कसे दिले?"

"कसे म्हणजे? चिरून. डब्यात."

पलीकडं नातवाला बुद्धप्रियाकडं दिल्याचं ऐकू आलं.

"किती डबे हायत तिथं?"

"चार. पाचवा पायरीवरच होता, उचलून आणला."

"अवो, काय केलंव हे! त्यांचं दुकान दोन महिने बंद. डबा घरात आला की भरून द्यावा लागतो. गौसियाबाई काय भरून देतील, प्लास्टर? एक डबा फिटंना तर तुमी वरून दुसरा ठेवता. तुमचं नाव कोरलेले चार डबे त्या बाईच्या डोळ्यांसमोर मांडणीवर बसलेत, तिला भाकर तरी गोड लागंल का?"

"माझं कुठं, तुझं नाव हाय," आनंदराज म्हणाले. नागुबाईंनी ते ऐकलं नाही. ऐकून न घेणं त्यांनाही जमतं.

"मी भिंतीवरून देते. अख्खा दुधी, तसाच. त्या पदर धरतात, मी टाकते. भांडंच न्हाई म्हटल्यावर परत काय द्यायचं? आन् दुसऱ्या दिवशी मीच जाऊन काहीतरी मागते. सुईदोरा मागते, कढीपत्ता मागते."

"आपल्या दारात कढीपत्त्याचं झाड हाय की."

"म्हणूनच मेकॅनिक झालाव तुमी. जावा, जिलानीभाईंकडं काहीतरी मागा. आन् खरं मागा. खोटं मागितलं की माणसाला लगीच कळतं."

फोन बंद झाला आणि आनंदराज बसून राहिले. कारण बायकोनं सांगितलं ते काम दिसायला एवढंसं असलं, तरी ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

त्यांचे आजोबा गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार शिळी भाकर मागत, आणि वडील लहानपणी टोपलं घेऊन त्यांच्या मागून चालत. धम्मदीक्षेनंतर घरात पहिली गोष्ट बंद झाली ती ही. वडिलांनी मजुरी केली, विहिरी खोदल्या, कधी दोन दिवस चूल पेटली नाही. पण कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. पोरांना त्यांनी फार उपदेश केला नाही. एवढंच सांगितलं की, द्यायला जमलं तर द्या, मागायला जाऊ नका. आनंदराजनी ते असं धरलं की डेपोत कधी दुसऱ्याचा पाना मागून घेतला नाही. स्वतःचा घरून नेला. भरभरून वाटताना त्यांना जो आनंद होत होता, त्यात या सगळ्याचा वाटा होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. फक्त घेणाऱ्यालाही बाप असतो, त्यानंही पोरांना काही सांगितलेलं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय मागावं याचा विचार केला. गादी? घरात चार होत्या. सुईदोरा? नातवालासुद्धा पटला नसता. खरं मागा, असं ती म्हणाली होती. खरं काय हवं होतं? अकरा वाजले होते, त्यांच्यासमोर पातेल्यात दुधी शिजत होता, सलग एकोणिसाव्या दिवशी, आणि आजही मीठ दोनदा पडलं होतं. त्यांनी गॅस बंद केला. वेलावरचा एक दुधी तोडला, पिशवी न घेता तसाच हातात धरला आणि रस्ता ओलांडला. दहा पावलांचा रस्ता, पण त्यांना मधे दोनदा चप्पल नीट करावी लागली.

दार पुन्हा वीतभरच उघडलं.

"भाईसाब, तुमचे डबे..." गौसियाभाभींनी मान खाली घालून सुरुवात केली. "वो क्या है की, मी आज-उद्याच..."

"भाभी," आनंदराज म्हणाले, आणि पाठ केलेली सगळी वाक्यं त्यांना सोडून गेली. "भाभी, मला भूक लागली."

गौसियाभाभींनी वर पाहिलं.

"नागु गेल्यापासून माझ्या हातचं खाऊन राहिलोय. जनावर खायचं न्हाई असलं होतंय. तुमी दुधीचा दालचा करता ना? तो मला खायला घाला."

आतून जिलानीचा आवाज आला, "कौन है? डबे मागायला आला काय तो?"

"न्हाई रे," आनंदराज तिथूनच ओरडले, "जेवायला आलोय!"

आत खाट वाजली, आणि प्लास्टरचा हात सांभाळत जिलानी दारात आला. त्यानं आनंदराजकडं पाहिलं, त्यांच्या हातातल्या दुधीकडं पाहिलं, आजूबाजूला डबा आहे का तेही पाहिलं.

"दालचा म्हणतो. गोश्त नाही घरात," तो म्हणाला.

"मी गोश्त मागितलं का? दाळ हाय का?"

"दाळ है," गौसियाभाभी म्हणाल्या.

"मग झालं. दुधी हा घ्या."

"ह्याला पंचपक्वान्नं पाहिजेत का विचार," जिलानी बायकोला म्हणाला. "दहा दिवस तोंड दाखवलं नाही, आन् आज थेट ताटावर."

"मी दाखवलं नाही? तू यायचा बंद झालास!"

"तू पेन्शनीची भाषा केलीस."

"केली," आनंदराज म्हणाले. "चुकलं."

जिलानीला एवढ्या लवकर कबुलीची अपेक्षा नव्हती. भांडण थोडं लांबेल म्हणून तो दाराला टेकून उभा राहिला होता. आता त्याला नुसतंच उभं राहावं लागलं. गौसियाभाभींनी दुधी हातात घेतला, नख लावून कोवळेपणा बघितला आणि दार पूर्ण उघडलं.

दालचा व्हायला तासभर लागला. तेवढ्यात दोघांनी दहा दिवसांचं राजकारण उरकलं. आनंदराज चटईवर बसले होते तिथून मांडणीवरचे चार डबे दिसत होते, घासून चकचकीत ठेवलेले, आणि ते पाहून त्यांना पहिल्यांदा लाज वाटली. ताटं आली. चिंच घातलेली आंबटसर दाळ, तिच्यात मऊ झालेला दुधी, बाजूला भात. ज्या दुधीनं त्यांना एकोणीस दिवस छळलं तोच हा, हे त्यांना खरं वाटेना. जिलानी डाव्या हातात चमचा धरून खात होता आणि अर्धं सांडत होता. आनंदराजनी ताट संपवलं आणि ते पुढं सरकवलं.

"आणखी वाढा," ते म्हणाले. या वेळी काही पाठ करावं लागलं नव्हतं.

"पोट है का टाकी?" जिलानी म्हणाला.

"डिझेलची," आनंदराज म्हणाले.

गौसियाभाभी तोंडाला पदर लावून हसल्या आणि वाढलं. मग त्यांनी विचारलं, "नागुआपा कधी येणार?"

"अजून वीस दिवस तरी."

"मग तोपर्यंत दुपारी इथंच खात जा. उद्या दुधी नक्को, दुसरं काहीतरी करते." पळी पातेल्यात ठेवून त्या जराशा थांबल्या. "पण आमच्यातले कांदे संपलेत, भाईसाब. दोन-चार तुमच्यातले घेऊन या."

जिलानीनं बायकोकडं चमकून पाहिलं. अशी ती कुणाकडं मागत नसे. आनंदराज मात्र हात न धुताच उठले होते.

"उद्या सांगितलंय, आत्ता नाही," जिलानी मागून ओरडला. आनंदराजनी ते ऐकूनच घेतलं नाही.